वडील युद्धात गेले तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. त्यांची आठवण कशी ठेवायची?

तेरेखोलकाठ

माझे वडील आयएनएस खुकरीवर होते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने दीवच्या समुद्रात ते जहाज बुडवले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, त्यांत बाबा. मी दीड वर्षाचा होतो. आई आणि मी पेडणे तालुक्यात आजोबांच्या घरी होतो, दत्तजयंती होऊन आठवडा झाला होता. दीव तेव्हा आपल्याच गोवा, दमण आणि दीव केंद्रशासित प्रदेशात होते, कारभार पणजीतून चालायचा. म्हणजे बाबा गेले ते एका अर्थी घरच्याच समुद्रात. आजोबा हे वाक्य पुष्कळदा म्हणायचे, आणि त्याने त्यांना बरे वाटायचे की जास्त त्रास व्हायचा ते मला कधी कळले नाही.

हा धागा श्रद्धांजलीसाठी काढलेला नाही. कृपया ‘विनम्र अभिवादन’ एवढेच लिहून पुढे जाऊ नका. मला खरेच विचारायचे आहे.

बाबांचे नाव दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आहे. दीवला समुद्रासमोरच्या टेकडीवर खुकरीचे स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. गावात तर मी आजही ‘खुकरीवाल्याचा पूत’. या सगळ्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण बाबांना हुमण (माशांचे कालवण) बांगड्याचे आवडायचे की सुंगटांचे (कोळंबीचे), ते रागावल्यावर गप्प बसायचे की आवाज चढवायचे, हे मला माहीत नाही. यंदा चवथीच्या आधी माझे धाकटे काका गेले. बाबांचे बालपण ज्यांनी जवळून पाहिले होते असे ते शेवटचे. त्यांना विचारायचे म्हणून ठेवलेले सगळे त्यांच्याबरोबर गेले.

नाव दगडावर आहे, ते कुठे जात नाही. माणूस मात्र तीन-चार म्हाताऱ्यांच्या डोक्यात उरला आहे. आई आता पंचाहत्तरी ओलांडून गेली. ती बाबांविषयी फारसे बोलत नाही. विचारले की म्हणते, “बरे होते रे ते.” एवढेच.

तुमच्यापैकी ज्यांचे वडील किंवा आई अशी गेली, त्यांनी काय केले? कोणाला कसे विचारले? कागदपत्रे कुठे मिळाली? आणि ज्यांची काहीच आठवण नाही त्यांचे आपण नेमके काय आठवतो?

साखळीची_लेक

दादा, माझे उलटे आहे. पप्पा कारगिलला १९९९ मध्ये गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. मला ते आठवतात. पण दरवर्षी २६ जुलैला भाषणांत ते जसे सांगितले जातात, त्याने माझे आठवणारे पप्पा हळूहळू पुसले जाऊ लागले. भाषणातले पप्पा कशालाच घाबरत नव्हते. माझे पप्पा पालीला घाबरायचे. स्वयंपाकघरात पाल दिसली की मम्मीला हाक मारायचे आणि स्वतः सोप्यावर जाऊन उभे राहायचे. हे मी कोणाला सांगितले की लोक अवघडतात. मी मात्र ही गोष्ट सोडणार नाही. पालीला घाबरणारा माणूस त्या उंचीवर, त्या थंडीत, वरून गोळ्या येत असताना चढत गेला, तेव्हा त्याने काय केले ते मला त्या गोष्टीमुळेच कळते.

आमच्या बाबतीत एक झाले, पप्पा घरी आले. तिरंग्यात आले. कारगिलच्या आधीच्या युद्धांत जवानांवर बहुतेक वेळा आघाडीजवळच अंत्यसंस्कार व्हायचे, घरी यायची ती तार आणि नंतर सामानाची पेटी. तुमच्याकडे तर पेटीही आली नसेल. तुमच्या आईच्या गप्प राहण्याचे मूळ तिथेही असेल.

विचारायचे कसे, याबद्दल माझा अनुभव सांगते. “ते कसे होते?” असे विचारू नका. त्याला “बरे होते” हेच उत्तर येते. “सुट्टीवर आले की पहिल्या दिवशी काय करायचे?” असे विचारा. “मुंबईहून काय आणायचे?” “कोणाशी पटायचे नाही?” मी मम्मीला विचारले, पप्पा कपडे कुठे टाकायचे? त्या एका प्रश्नावर ती रात्री जेवण निवेपर्यंत बोलत होती.

कुंभारजुवेकर

वाचतोय. धाग्याबद्दल आभार.

नांगर_आणि_दोर

वास्कोत राहतो. नौदलात १९७३ ला भरती झालो, त्यामुळे मी त्या युद्धात नव्हतो. पण ज्यांनी ती रात्र सोबतच्या कृपाण जहाजावरून पाहिली आणि जे खुकरीवरून वाचले, अशा लोकांबरोबर काम केले आहे. तेवढ्या आधारावर लिहितो.

खुकरी आणि कृपाण १४ व्या फ्रिगेट स्क्वाड्रनची जहाजे. मुंबईहून त्यांना निघायला सांगितले ते हीच पाणबुडी शोधून बुडवायला. पाणबुडी शोधणारे जहाज सोनारच्या, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्राच्या, कामासाठी वेग कमी ठेवते, आणि कमी वेगाचे जहाज टॉर्पेडोला सोपे सापडते. हंगोरने पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला, तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. रात्रीचे पावणेनऊ वाजून गेले होते. जहाज दोन-तीन मिनिटांत बुडाले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. ६७ जण वाचले, त्यांना दुसऱ्या दिवशी कच्छाल जहाजाने उचलले.

तेरेखोलकाठ, तुमचे वडील कोणत्या शाखेत होते? इंजिनखान्यात, डेकवर, रेडिओवर, की भटारखान्यात? ते कळले तर त्यांचा दिवस कसा जायचा हे मी तुम्हाला बरेच सांगू शकेन. इंजिनखान्यातल्या माणसाचे पाळीचे तास, तिथली उष्णता, वर आल्यावर अंगाला येणारा तेलाचा वास, हे सगळ्या जहाजांवर सारखेच असते.

कागदांचे सांगतो. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईला मानखुर्दच्या चिता कॅम्पमध्ये ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात. अर्जात सेवा क्रमांक द्यावा लागतो. तो आईच्या पेन्शनच्या कागदावर असेल. तोही सापडत नसेल तर पदके बघा. संग्राम पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. घासून चकचकीत करायला जाऊ नका, अक्षरे झिजतात. भिंग घ्या आणि खिडकीपाशी बसून वाचा. क्रमांक मिळाला की आईच्या सहीने अर्ज करा, पत्नीचा अर्ज लवकर पुढे सरकतो.

एक शेवटचे, आणि ते तुम्हाला कठोर वाटेल. जहाज इतक्या लवकर गेले की खाली कामावर असलेल्यांना वर यायला वेळ मिळाला नाही. म्हणून आईला ‘शेवटी काय झाले असेल’ या वाटेने नेऊ नका. तिला ते माहीत नाही, कोणालाच माहीत नाही, आणि ती इतकी वर्षे रोज त्याचीच कल्पना करत आली असेल. शेवटच्या क्षणांच्या कहाण्या सांगणारेही तुम्हाला भेटतील. ऐकून घ्या, पण तुमच्या वडिलांच्या नावावर त्या लिहू नका.

तेरेखोलकाठ

@नांगर_आणि_दोर काका, बाबा स्टोकर होते. इंजिनखान्यात. तुम्ही शेवटी लिहिले ते मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते. आज तुम्ही सांगितलेत, बरे झाले.

तुमच्या लिहिण्यावरून आजीचे सांगतो. आजीने बाबांचे दिवस घालू दिले नाहीत. तिचे म्हणणे, तारेत ‘बेपत्ता’ लिहिले होते, मेला असे कुठे लिहिले होते? पाणबुडीने काहींना उचलून नेले असेल, कराचीला ठेवले असेल. डिसेंबर १९७२ मध्ये आपले युद्धकैदी वाघा सीमेवरून परत आले, तोवर ती रोज संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसायची. त्यानंतर बसायची थांबली. पण विधी काही झालाच नाही. आई आजीच्या शब्दाबाहेर गेली नाही, आणि आजी गेल्यावर तो विषय कोणी काढला नाही. महालयात आजोबा-पणजोबांना पिंड पडतात, बाबांचे नाव घेताना भटजीही चाचरतात. हे मला फार लागते.

म्हार्दोळ_परिसर

आमच्या घरात भटपण आहे म्हणून लिहितो. ज्यांचा देह मिळाला नाही त्यांच्यासाठी पालाशविधी आहे. पळसाच्या ३६० देठांचा माणसाच्या आकाराचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि देहाला जसे संस्कार होतात तसेच त्याला होतात. परागंदा माणसाची बातमीच नसेल तर बारा वर्षे वाट पाहण्याची रीत आहे. तुमच्या वडिलांचे तसे नाही, मृत्यू निश्चित आहे, त्यामुळे इतक्या वर्षांनीही हा विधी करता येतो. एकुलता मुलगा आहात, तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

दुसरे, पितृपक्षातली भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने गेलेल्यांची तिथी. युद्धात, अपघातात, घातपातात गेलेल्यांचे श्राद्ध त्या दिवशी करतात, मूळ तिथी कोणतीही असो. आमच्या आजोबांच्या वेळेपासून त्या दिवशी दोन-तीन घरांतून बोलावणे असते. कोणी पोर्तुगीज अमदानीत गेलेला, कोणी १९६५ मधला. तुमच्या भटजींना हे माहीत असणारच. चाचरत असतील ते तुमच्या घरातला आजीचा शब्द माहीत आहे म्हणून.

पण आधी आईला विचारा. तिच्या संमतीशिवाय करू नका. आजीचा शब्द ती आजवर पाळत आली आहे, तो मोडायचा की नाही ते तिनेच ठरवावे.

दोन_घरची

हा धागा कालपासून तीनदा उघडला आणि बंद केला. आज लिहिते.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते, जंगी पलटण. पूर्व आघाडीवर जमालपूरच्या लढाईत गेले, १० डिसेंबर १९७१ ची रात्र. तेरेखोलकाठ, तुमचे बाबा आणि माझे वडील एका दिवसाच्या अंतराने गेले. मी तीन महिन्यांची होते. आई एकवीस वर्षांची.

तीन वर्षांनी आईने दुसरे लग्न केले. तिच्या वडिलांनीच लावून दिले, फोंड्याला. मी ज्यांना बाबा म्हणते ते हे. त्यांनी मला वाढवले, शिकवले, माझ्या लग्नात त्यांनीच कन्यादान केले. पण पहिल्या सासरच्यांनी संबंध तोडले. पदके, फोटो, पत्रे सगळे तिकडे राहिले. माझ्याजवळ वडिलांचा एकही फोटो नव्हता. चुलत्यांच्या घरी मागायला गेले तर दारातूनच परत पाठवले. “तुझ्या आईने नाव टाकले, आता फोटो कशाला?”

लोक वीरपत्नी म्हणून जिला मान देतात, तिने एकटीनेच जन्म काढावा अशी त्यांची अपेक्षा असते. एकवीस वर्षांच्या मुलीकडून. ‘त्याग’ हा शब्द आपण किती सहज दुसऱ्याच्या आयुष्यावर ठेवतो! माझ्या आईने माझ्या वडिलांना विसरले नाही. १० डिसेंबरला ती जेवत नाही, आणि त्या दिवशी बाबाही जेवत नाहीत. का ते मला वयाच्या पंधराव्या वर्षी कळले.

बांबोळी_रोड

ताई, तुमचे वाचून वाईट वाटले. पण एक विचारतो, राग मानू नका. ज्या माणसाने तुम्हाला वाढवले त्याच्या घरात पहिल्या नवऱ्याची आठवण काढत राहणे हे त्याच्यावर अन्याय नाही का? काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या असतात असे माझे मत.

दोन_घरची

@बांबोळी_रोड राग नाही. पण हे तुम्ही माझ्या बाबांना विचारायला हवे होते. वडिलांचा फोटो शेवटी मिळवला तो त्यांनीच. बेळगावला मराठा रेजिमेंटच्या केंद्रात ते स्वतः गेले, आईचे जुने कागद घेऊन. तिथून पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारांचा पत्ता मिळाला, चंदगडकडे. त्यांच्याकडे एक गटाचा फोटो निघाला. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे. चेहरा नखाएवढा आहे. बाबांनी तो मोठा करून आणला आणि हॉलमध्ये लावला. आई नको म्हणत होती, त्यांनी ऐकले नाही.

सुभेदारांनी सांगितले, वडिलांना अक्षर फार सुंदर होते, पलटणीतले निम्मे जवान घरची पत्रे त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. माझे अक्षर चांगले आहे. ते कुठून आले याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

साखळीची_लेक

ताई 🙏 तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

बांबोळी_रोड

ताई, माझे म्हणणे मागे घेतो.

उसगावचो

आमच्या आजीचे वडील पहिल्या महायुद्धात गेले, मेसोपोटेमियात. ११० व्या मराठा पलटणीत होते, कूतच्या वेढ्यात. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली, त्यानंतर त्यांचा पत्ताच लागला नाही. आजी तेव्हा पोटात होती. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावे कोरली आहेत, हिंदी शिपायांची मात्र तिथे नुसती संख्या आहे. नावे वहीत आहेत, दगडावर नाहीत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव, क्रमांक आणि पलटण टाकून शोधता येते, तिथे आम्हाला त्यांची नोंद सापडली. आजी ती बघायला नव्हती.

माझे एवढेच सांगणे, शंभर वर्षांनी शोधणाऱ्याला फक्त क्रमांक सापडतो. तुमच्या आई अजून बोलू शकतात. फोन समोर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि बोलू द्या. नीटनेटके करत बसू नका.

नांगर_आणि_दोर

उसगावकरांनी लिहिलेले अगदी योग्य. रेकॉर्डिंग आईला सांगून करा, चोरून नको.

स्टोकर म्हणालात म्हणून लिहितो. इंजिनखान्यात पाळी साधारण चार तासांची. आत इतका आवाज की बोलणे खुणांनीच चालते. त्यामुळे तिथली माणसे घरी आल्यावर एकतर मोठ्याने बोलतात किंवा हातवारे फार करतात. आईला विचारा, बाबा बोलताना हात हलवायचे का? आणि पत्रे. पाकिटावर ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ असा पत्ता असेल, कारण जहाज कुठे आहे ते घरी कळवायचे नसते. अशी पत्रे असतील तर ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आपल्या पावसात त्यांना बुरशी धरते. कागदी लिफाफ्यात ठेवा आणि आधी फोटो काढून घ्या.

दीवला जाणार असाल तर वेरावळपर्यंत रेल्वेने आणि पुढे रस्त्याने जाणे सोयीचे. नवी खुकरी, जी १९८९ मध्ये नौदलात आली, तीही २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि आता दीवलाच संग्रहालय म्हणून ठेवली आहे. त्या जहाजावर पाऊल ठेवता येते. दिल्लीच्या युद्ध स्मारकावर रोज संध्याकाळी एका हुतात्म्याच्या कुटुंबाच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते, त्यासाठीही सैनिक कल्याण खात्यात विचारणा करा.

तेरेखोलकाठ

सगळ्यांचे आभार. काल दुपारी आईपाशी बसलो. फोन तिला दाखवून मध्ये ठेवला. साखळीच्या ताईंचा प्रश्न विचारला, सुट्टीवर आले की पहिल्या दिवशी काय करायचे?

आई म्हणाली, “विहिरीवर. दुसरे काय?” बाबा घरात शिरायच्या आधी विहिरीवर जायचे आणि कळशीमागून कळशी अंगावर ओतून घ्यायचे. जहाजावर पाणी मोजून मिळते म्हणे. आजी ओरडायची, सगळी विहीर उपसतोस का? मग पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर. हुमण सुंगटांचे. तेही तिरफळ न घालता, कारण तिरफळाने त्यांची जीभ बधिर व्हायची. पेडण्यातला माणूस आणि तिरफळ नको! आई हे सांगताना हसत होती. मी तिला बाबांच्या विषयावर हसताना पहिल्यांदा पाहिले.

काका, हात हलवायचे का हेही विचारले. आई एकदम माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “तू हलवतोस तसेच.”

मुंबईहून ते तिला काचेच्या बांगड्या आणायचे, आणि दरवेळी माप चुकायचे. मोठ्या यायच्या. एकदाही तिने त्यांना सांगितले नाही. शेवटच्या सुट्टीत आणलेल्या तशाच कपाटात आहेत. शिगम्यात ते घुमट वाजवायचे आणि सुट्टी मिळाली नाही तर आजोबांना रागाचे पत्र लिहायचे, जणू सुट्टी आजोबांनीच अडवली होती.

विधीचेही विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आईंना वचन दिले होते ते त्यांच्या मुलासाठी, माझ्या नवऱ्यासाठी नाही. पुढच्या चतुर्दशीला करूया. म्हार्दोळच्या दादांनी सांगितलेले सगळे मी तिला वाचून दाखवले, तिने पळसाच्या देठांचा आकडा दोनदा विचारून घेतला.

मानखुर्दच्या अर्जावर तिने सही केली आहे. पदकावरचा क्रमांक भिंगाने वाचता आला, हुद्द्यासकट.

दोन_घरची

दादा, ती रागाची पत्रे आहेत का अजून?

तेरेखोलकाठ

ताई, चार सापडली, आजोबांच्या जुन्या ट्रंकेत जमिनीच्या कागदांखाली. अक्षर तुमच्या वडिलांसारखे सुंदर नाही, वाचायला वेळ लागतो आहे. एका पत्रात शिगम्याच्या मेळातल्या पाच जणांची नावे आहेत आणि कोणी ताल चुकवला त्याची तक्रार. त्या पाचांतले एक अजून मोरजीला आहेत, कान जरा कमी आहेत पण बोलतात असे कळले. त्यांच्या मुलाशी फोनवर बोललो. रविवारी सकाळी जातो आहे, आई पण येते म्हणाली. साखळीच्या ताई, आणखी कोणते प्रश्न विचारू ते शनिवारपर्यंत इथे लिहा.